रिपोर्ट सर्व्हरमध्ये उघडे राहिलेले सेटअपचे पान : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

औषधांचे घाऊक वितरण करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कंपनीचे मुख्य कार्यालय पुणे परिसरात, गोदामे तीन शहरांत आणि व्यवहार शेकडो स्टॉकिस्टांशी. ईआरपीमधली, म्हणजे साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली माहिती वाचनीय स्वरूपात बाहेर काढण्यासाठी ती प्रोग्रेस या कंपनीचा टेलेरिक रिपोर्ट सर्व्हर वापरत होती. रोज सकाळी सहाला साठ्याचा अहवाल, दर १० तारखेला स्टॉकिस्टांची येणे-बाकीची पत्रके, जीएसटीआर-१ हे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र भरण्यासाठी लागणारे सेल्स रजिस्टर, एक्स्पायरी जवळ आलेल्या मालाची यादी, हे सगळे तिथूनच निघायचे.

सर्व्हर ईआरपी बसवून देणाऱ्या पुरवठादाराने काही वर्षांपूर्वी एका व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर) टाकला होता. मशीनच्या नावात ‘टेस्ट’ हा शब्द तसाच राहिला होता. आत तो मूळ ८३ क्रमांकाच्या पोर्टवरच, म्हणजे जोडणीच्या दारावरच, चालत होता. फिरतीवरच्या प्रतिनिधींना अहवाल मोबाइलवर दिसावेत म्हणून कंपनीच्या जाळ्याच्या वेशीवरच्या फायरवॉलमधून ८४४३ पोर्ट त्याकडे वळवलेले होते. लायसन्स पुरवठादाराच्या ईमेलवर नोंदलेले असल्याने उत्पादकाच्या सुरक्षासूचना कंपनीकडे थेट कधीच येत नव्हत्या. कंपनीच्या मालमत्ता-नोंदवहीत हे मशीन ‘ईआरपी टेस्ट’ एवढ्याच वर्णनाने होते. त्यावर कोणते सॉफ्टवेअर चालते, याचा रकाना रिकामा होता.

दोष नेमका काय होता

सीव्हीई-२०२४-४३५८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षादोषाला दिलेला क्रमांक) हा दोष मे २०२४ च्या अखेरीस जाहीर झाला. तीव्रता १० पैकी ९.८. आवृत्ती १०.०.२४.३०५ आणि त्याआधीच्या सगळ्या आवृत्त्या बाधित होत्या. दुरुस्ती १०.१.२४.५१४ मध्ये, म्हणजे २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीच्या आवृत्तीत आली.

रिपोर्ट सर्व्हर नव्याने बसवला की पहिल्यांदा एक सेटअपचे पान उघडते आणि त्यावरून पहिला अॅडमिन तयार करायचा असतो. त्यासाठीचा पत्ता ‘स्टार्टअप/रजिस्टर’. सेटअप एकदा पूर्ण झाल्यावर या पत्त्यावर आलेली विनंती नाकारली जायला हवी होती, पण सेटअप आधीच झाला आहे का, ही तपासणीच कोडमध्ये नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षे चालू असलेल्या सर्व्हरलाही इंटरनेटवरून कोणीही नाव, ईमेल आणि पासवर्ड पाठवला, की सर्व्हर त्याला सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर करून मोकळा. पासवर्ड फोडावा लागत नाही, कोणाचे खाते चोरावे लागत नाही. लॉगिनच्या पानावर दुहेरी पडताळणी बसवली असती तरी इथे तिचा उपयोग नव्हता, कारण ही वाट त्या पानावरून जातच नाही.

याला जोडून दुसरा दोष होता, सीव्हीई-२०२४-१८००. रिपोर्टची फाइल उघडताना सर्व्हर तिच्यात लिहिलेल्या प्रकारच्या वस्तू विश्वासाने तयार करायचा. खास बनवलेली रिपोर्ट फाइल चढवून ती चालवायला लावली, की सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत असे. फाइल चढवायला खाते लागते, आणि खाते पहिल्या दोषाने फुकट मिळते. दुसऱ्या दोषाची दुरुस्ती १०.०.२४.३०५ मध्ये आली होती. या कंपनीची आवृत्ती त्याहून जुनी, २०२३ मधली, म्हणजे दोन्ही दारे उघडी. हल्ल्याची संपूर्ण साखळी दाखवणारा कोड ३ जून २०२४ रोजी संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यानंतर हा हल्ला करायला फारसे कौशल्य लागत नव्हते.

अडचण कशी समोर आली

मंगळवारी, ४ जूनला, सुरक्षा सेवा देणाऱ्या कंपनीचा या दोषाबद्दलचा मेल आला. त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती, पण मेल वाचलाच गेला नाही असे झाले नाही. तो दुपारी वाचला गेला, नोंदवहीत ‘टेलेरिक’ शोधले गेले, काही सापडले नाही आणि मेलवर ‘आपल्याला लागू नाही’ असा शेरा पडला. प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच. तो घेणाऱ्याने नेमून दिलेले काम नीट केले होते. ज्या नोंदवहीवर तो विसंबला, ती नोंदवही अपुरी होती.

शुक्रवारी, ७ जूनला सकाळी अकराच्या सुमारास पुरवठादाराच्या इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी फोन केला आणि बोलता बोलता विचारले, “सर, तुमचा रिपोर्ट सर्व्हर अपग्रेड झाला ना?” तिथून चक्रे फिरली. अॅडमिन खात्याने लॉगिन करून कॉन्फिगरेशनमधल्या ‘अबाउट’ टॅबवर आवृत्ती पाहिली. जुनी होती. त्याच अॅडमिन खात्याने युजरांची यादी उघडली, तेव्हा त्यात एक अनोळखी नाव दिसले : अर्थ न लागणारी अक्षरे, तसाच ईमेल, आणि भूमिका सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर. उत्पादकाच्या सूचनेतही हीच यादी पाहायला सांगितले होते.

समोरचे पर्याय

साडेअकराला सिस्टिम्स प्रमुख, ईआरपी प्रमुख आणि वित्त विभागाच्या प्रमुख एकत्र बसल्या. १० तारखेची पत्रके तोंडावर होती आणि ११ जूनला जीएसटीआर-१ ची मुदत संपणार होती.

पहिला पर्याय : लगेच नवी आवृत्ती बसवायची आणि अनोळखी खाते काढून टाकायचे. दिसायला सरळ, वेळ दीड-दोन तास. पण अपग्रेड करताना सर्व्हरवरच्या फाइली बदलतात, सेवा पुन्हा सुरू होतात, मेमरीत जे काही चालू असेल ते पुसले जाते. आधी आत आलेल्याने काय केले, हे मग नीट कळणार नाही. शिवाय नवी आवृत्ती दार लावते, घरात शिरलेल्याला बाहेर काढत नाही.

दुसरा : मशीन तडकाफडकी बंद करायचे. नुकसान तिथेच थांबते, पण मेमरीतला पुरावा जातो आणि पत्रकेही थांबतात.

तिसरा : उत्पादकाने सुचवलेला तात्पुरता उपाय, म्हणजे आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये नियम लिहून ‘स्टार्टअप/रजिस्टर’ हा पत्ता अडवायचा आणि बाकी सेवा बाहेरून चालू ठेवायची. याने नवी खाती थांबतात. आधीच तयार झालेले खाते मात्र नेहमीच्या लॉगिनने येत राहते. ज्यांच्या यादीत अनोळखी नाव नाही, त्यांच्यासाठी हा उपाय ठीक होता. इथे ते नाव डोळ्यांसमोर होते.

चौथा : बाहेरची वाट पूर्ण तोडायची, सर्व्हर चालूच ठेवून त्याची प्रत घ्यायची, आतल्या निवडक संगणकांनाच तो दिसू द्यायचा, आणि पुढचे पुरावे पाहून ठरवायचे.

ईआरपी प्रमुखांचा कल पहिल्याकडे होता. “अहो, फिरतीवरची शंभर माणसं अहवालावर बसलीत. बाहेरून बंद केलं तर सोमवारी काय सांगायचं त्यांना?” असे त्यांचे म्हणणे. तोडगा वित्त प्रमुखांनी काढला. प्रतिनिधींना लागणारे दोनच अहवाल आहेत, ते कार्यालयातून रोज सकाळी पीडीएफ करून पाठवता येतील, असे त्यांनी दाखवून दिले. सिस्टिम्स विभागाला ही गोष्ट माहीतच नव्हती. चौथा पर्याय ठरला.

पहिले सहा तास

फायरवॉलवरचा ८४४३ चा नियम बंद केला. पण नियम बंद केल्याने आधीपासून जोडलेली सेशन आपोआप तुटत नाहीत, ती फायरवॉलच्या तक्त्यात तशीच जिवंत राहू शकतात. ती वेगळी साफ करावी लागतात आणि इथे तशी केली. दुसरे, सर्व्हरला बाहेर जायला मुक्त परवानगी होती. ती काढून फक्त डेटाबेस आणि मेल सर्व्हर एवढ्याच दिशा उघड्या ठेवल्या. आत कोणी काही पेरून ठेवले असेल तर ते बाहेर संपर्क करते, आणि येणारी वाट बंद करून ते थांबत नाही.

मग मेमरीसह स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती, घेतला आणि त्यावरून पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. स्नॅपशॉट तसाच लावून ठेवला असता तर त्याची फरक-फाइल फुगत गेली असती आणि मशीन मंदावले असते, म्हणून प्रत झाल्यावर तो मिटवला. इव्हेंट लॉग आणि आयआयएसच्या नोंदी स्वतंत्र काढून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ठसा, लिहून ठेवला. आयआयएस नोंदी लगेच डिस्कवर लिहीत नाही, थोड्या साठवून मग उतरवते. त्यामुळे प्रत घेण्याआधी ‘नेटशेल’च्या आज्ञेने साठलेल्या नोंदी उतरवून घेतल्या.

बाहेरची वाट बंद असली तरी पत्ता अडवणारा नियमही घालायचा ठरले, कारण आतल्या जाळ्यातल्या एखाद्या बाधित संगणकावरूनही तीच विनंती येऊ शकली असती. प्रत हातात आल्यानंतर नियम वेब.कॉन्फिग या साइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवला आणि सगळी साइट ५००.१९ ही चूक दाखवू लागली. कारण साधे आहे. ‘यूआरएल रिराइट’ हे मॉड्यूल आयआयएससोबत येत नाही, ते वेगळे बसवावे लागते. ते नसताना त्याचा विभाग कॉन्फिगमध्ये लिहिला, तर आयआयएसला तो ओळखता येत नाही आणि एकही पान उघडत नाही. अशा घाईच्या वेळी नवे मॉड्यूल बसवण्यापेक्षा आयआयएसची स्वतःची ‘रिक्वेस्ट फिल्टरिंग’ वापरणे सोपे. तिच्यात ‘नाकारायचे शब्दक्रम’ या यादीत ‘स्टार्टअप/रजिस्टर’ घातले की विनंतीला ४०४.५ उत्तर मिळते आणि नोंदीतही तो आकडा दिसतो. तसेच केले. लहान अक्षरे, मोठी अक्षरे, शेवटी तिरकी रेघ, अशा तिन्ही प्रकारे पत्ता मागवून पाहिला. तिन्ही वेळा ४०४.५ आले.

दरम्यान सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचे होते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशाची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. घड्याळ कधी सुरू झाले, यावर थोडी चर्चा झाली. हल्ला सिद्ध झाल्यावर, की अनोळखी खाते दिसल्यावर? सुरक्षित अर्थ दुसरा, आणि तोच धरला. अर्ज चौथ्या तासाला गेला. त्यात ‘तपास चालू, व्याप्ती अजून निश्चित नाही’ असे बरेच रकाने होते. अपुरी माहिती वेळेत देणे आणि नंतर भर घालणे चालते. पूर्ण माहितीची वाट पाहत बसले तर मुदत हातची जाते.

नोंदी काय सांगत होत्या

तपास करणाऱ्याने आधी ६ जूनची नोंद-फाइल उघडली, कारण युजरच्या यादीत खाते त्या दिवशीचे दिसत होते. तिच्यात काही नव्हते. आयआयएसच्या नोंदी मुळात यूटीसी या जागतिक वेळेत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, असतात आणि फाइलही यूटीसीच्या मध्यरात्री बदलते. भारतातली ६ जूनची पहाट ५ जूनच्या फाइलमध्ये असते. तिथे २१ वाजून ५२ मिनिटांना ‘स्टार्टअप/रजिस्टर’वर पोस्ट विनंती होती, म्हणजे आपल्याकडे ६ जूनच्या पहाटेचे ३.२२. पाठोपाठ ‘टोकन’ या पत्त्यावर दुसरी पोस्ट यशस्वी. म्हणजे खाते नुसते बनले नाही, त्याने लॉगिनही केले. नंतरच्या दोन मिनिटांत अहवालांची आणि वर्गांची यादी मागवणाऱ्या सात-आठ विनंत्या, आणि मग शांतता.

विनंती कुठून आली, हे मात्र तिथे दिसेना. फायरवॉल पत्ता बदलून आत पाठवत असल्याने प्रत्येक ओळीत फायरवॉलचाच आतला पत्ता होता. खरा पत्ता फायरवॉलच्या नोंदींतून वेळ जुळवून काढायचा होता, आणि फायरवॉल भारतीय वेळेत लिहीत होती. पहिल्या खेपेला २१.५२ च शोधले गेले. त्या वेळचे सगळे पत्ते आपल्याच प्रतिनिधींचे निघाले आणि तासभर ‘हे आतल्याच कोणाचे काम असावे’ अशी चुकीची शंका फिरत राहिली. साडेपाच तास मिळवल्यावर परदेशातला एक भाड्याचा सर्व्हर सापडला. त्या सेशनमधून एकूण काहीशे केबी माहिती बाहेर गेली होती. हा आकडाही फायरवॉलनेच दिला. आयआयएस नेहमीच्या मांडणीत बाहेर गेलेल्या बाइटची नोंद ठेवत नाही, तो रकाना आधी चालू करून ठेवावा लागतो. पोस्टमध्ये काय पाठवले गेले, तेही आयआयएस लिहीत नाही.

पुढचा प्रश्न दुसऱ्या दोषाचा : फाइल चढवून काही चालवले का? रिपोर्ट साठवण्याच्या फोल्डरमध्ये त्या दोन दिवसांत नवी फाइल नव्हती. रिपोर्टची पॅक केलेली फाइल म्हणजे मुळात झिप असते. १ जूनच्या बॅकअपशी हॅश जुळवून ज्या बदललेल्या निघाल्या तेवढ्या उघडून आतल्या एक्सएमएलमध्ये प्रोसेस सुरू करणारे किंवा ‘ऑब्जेक्ट डेटा प्रोव्हायडर’सारखे प्रकार शोधले. सापडले नाहीत. नवे लोकल युजर, नव्या सेवा, नवी शेड्यूल केलेली कामे, वेब फोल्डरमध्ये नव्याने आलेल्या पान-फाइली, सगळे कोरे. फायरवॉलवरही सर्व्हरकडून बाहेर गेलेली अनोळखी जोडणी नव्हती.

पण एक जागा आंधळी राहिली. अशा हल्ल्याची ठळक खूण म्हणजे आयआयएसच्या वर्कर प्रोसेसने (साइट चालवणाऱ्या प्रक्रियेने) कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल ही आज्ञा चालवणारी साधने सुरू करणे. ते दिसायला विंडोजमधली प्रोसेस-निर्मितीची नोंद, घटना क्रमांक ४६८८, चालू लागते. या सर्व्हरवर ती बंद होती. चालवलेल्या प्रोग्रॅमांची खूण ठेवणारे प्रीफेच सर्व्हर विंडोजवर तसेही बंद असते. जास्तीचे एक मशीन म्हणून अँटिव्हायरसपलीकडे त्यावर काही बसवलेले नव्हते. शिवाय जागा वाचवण्यासाठी लावलेली स्क्रिप्ट आयआयएसच्या ३० दिवसांपूर्वीच्या नोंदी पुसत होती. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले आहे. मे महिन्याच्या आधी या वाटेने कोणी आले होते का, याचे उत्तर त्यामुळे कायमचे गेले.

दुरुस्ती की नवा सर्व्हर

शनिवारी सकाळी हा दुसरा मोठा निर्णय घ्यायचा होता. ईआरपी प्रमुखांचा प्रश्न रास्त होता : “काही सापडलंच नाही ना? मग अपग्रेड करा, खातं उडवा. नवा सर्व्हर कशाला?”

सिस्टिम्स प्रमुखांनी उत्तरादाखल दोन याद्या समोर ठेवल्या. एकीत ‘घडले नाही, याचा पुरावा आहे’ अशा गोष्टी, दुसरीत ‘घडल्याचा पुरावा नाही’ अशा. कोड चालल्याची शंका दुसऱ्या यादीत होती, आणि ती पहिलीत नेण्याचे कोणतेही साधन उरलेले नव्हते. हा फरक कागदावर मांडल्यावर वाद मिटला. अॅडमिन दर्जाचा परका माणूस दिवसभराहून जास्त वेळ आत असताना आणि आज्ञा चालवण्याचा दोष उघडा असताना जुन्या मशीनवर पुन्हा विश्वास ठेवणे योग्य नव्हते, आणि नव्याने उभारायला शनिवार-रविवार पुरणार होते.

विंडोज सर्व्हर २०२२ चे कोरे मशीन, त्यावर १०.१.२४.५१४. जुने फोल्डर जसेच्या तसे उचलले नाही. बॅकअपशी हॅश जुळलेल्या रिपोर्ट फाइली घेतल्या, बदललेल्या तपासून घेतल्या. साठएक रिपोर्टांपैकी वीस कोणी वापरतच नव्हते, ते मागे ठेवले. जुने वेब.कॉन्फिगही आणले नाही. त्यात मशीन-की, म्हणजे लॉगिनच्या कुकीवर सही करणारी गुप्त किल्ली, लिहिलेली होती, आणि ती परक्याच्या हाती गेली असेल तर नव्या सर्व्हरवरही लॉगिनची कुकी बनावट करता येण्याचा धोका राहिला असता.

पासवर्डांची साखळी

रिपोर्ट सर्व्हर ही एरवी दुर्लक्षित जागा, पण कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक डेटाबेसची किल्ली तिथे टांगलेली असते. इथे सात डेटा-जोडण्या होत्या. शिवाय मेल पाठवणारे खाते आणि अॅप्लिकेशन पूल (आयआयएसमध्ये साइट जिच्यात चालते ती व्यवस्था) ज्या डोमेन खात्याने, म्हणजे कंपनीच्या सगळ्या जाळ्यात चालणाऱ्या खात्याने, चालत होता ते खाते. मुख्य जोडणीतल्या डेटाबेस युजरला पूर्ण मालकीहक्क होते. ज्याला फक्त वाचायचे आहे, त्याला तक्ते पुसण्याचाही अधिकार. बसवताना ‘परमिशनची कटकट नको’ म्हणून दिलेला, तो तसाच राहिलेला.

क्रम महत्त्वाचा होता. जुना सर्व्हर चालू असताना पासवर्ड बदलले तर नवे पासवर्ड पुन्हा त्याच संशयित मशीनवर टाकावे लागतात. म्हणून आधी नवे मशीन तयार, मग जुने जाळ्यातून काढलेले, मग पासवर्ड बदललेले आणि फक्त नव्यावर भरलेले. डेटाबेससाठी नवे खाते केले आणि त्याला रिपोर्टिंगच्या ठरावीक व्ह्यूवर, म्हणजे तक्त्यांतल्या निवडक माहितीवर, वाचनाचाच अधिकार दिला. अॅप्लिकेशन पूलसाठी डोमेन खाते बंद करून कमी अधिकारांचे स्वतंत्र खाते केले.

दोन गोष्टी मोडल्या. जुन्या डोमेन खात्याचा पासवर्ड बदलताच शनिवारी दुपारी एका गोदामातली लेबल छपाई थांबली. तेच खाते तिथल्या फाइल-शेअरसाठीही कोणीतरी वापरले होते. डोमेन कंट्रोलरवरच्या लॉगिन-नोंदी आधी पाहिल्या असत्या तर ते खाते कोणकोणत्या संगणकांवरून वापरले जाते, हे पंधरा मिनिटांत कळले असते. दुसरे, रविवारी रात्रीच्या चाचणीत येणे-बाकीचे पत्रक निघेना. ते पत्रक एका स्टोअर्ड प्रोसिजरवर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमवर, चालत होते आणि ती प्रोसिजर ‘कोणी, कधी छापले’ याची ओळ एका तक्त्यात घालत होती. वाचनाचा अधिकार अपुरा पडला. त्या एका प्रोसिजरपुरता ‘एक्झिक्यूट’ अधिकार दिला आणि पत्रके निघाली.

परिणाम

सोमवारी, १० जूनला पत्रके दुपारपर्यंत गेली. सेल्स रजिस्टर वेळेत मिळाले आणि ११ जूनची मुदत पाळली गेली. प्रतिनिधींना आठवडाभर सकाळचे पीडीएफ मिळत राहिले. १७ जूनपासून बाहेरचा प्रवेश व्हीपीएन या सुरक्षित खासगी वाटेनेच दिला, ८४४३ पुन्हा उघडलेच नाही. प्रतिनिधींच्या पोर्टलमध्ये रिपोर्ट व्ह्यूअरच्या जुन्या स्क्रिप्टची प्रत ठेवलेली होती. व्ह्यूअर आणि सर्व्हर यांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत की पाने कोरी दिसतात, तसे झाले. स्क्रिप्ट थेट सर्व्हरवरून मागवायची सोय केल्यावर ते सुटले.

१३ जूनला अमेरिकेच्या सिसा या संस्थेने सीव्हीई-२०२४-४३५८ प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत घातला आणि तिथल्या सरकारी खात्यांना ४ जुलैपर्यंत मुदत दिली. शनिवार-रविवारच्या खर्चाबद्दल संचालकांकडून येणारे प्रश्न त्यानंतर थांबले.

स्टॉकिस्टांना कळवायचे का, यावर मतभेद होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असला तरी जून २०२४ मध्ये त्याच्या तरतुदी लागू झाल्या नव्हत्या. मोठ्या स्टॉकिस्टांशी झालेल्या करारांत मात्र कळवण्याचे कलम होते. त्यांना काय घडले आणि काय सिद्ध करता आले नाही, हे दोन्ही लिहून कळवले.

वेगळे काय करता आले असते

४ जूनचा ‘लागू नाही’ हा शेरा टाळता आला असता. उत्पादनाचे नाव नोंदवहीत शोधण्याऐवजी सगळ्या विंडोज सर्व्हरांवरच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी एका पॉवरशेल स्क्रिप्टने मागवायला अर्धा तास पुरला असता. फायरवॉलवरून आत वळवलेल्या पोर्टांची यादी त्याहूनही लहान असते. प्रत्येक ओळीपुढे ‘पलीकडे कोणते सॉफ्टवेअर, कोणाच्या जबाबदारीवर’ हे लिहिता येत नसेल, तर ती ओळ बंद करावी. असा शेरा एकट्या माणसाने मारू नये, हेही आता ठरले आहे. ईआरपी विभागाला नुसता मेल पुढे पाठवला असता तरी उत्तर त्याच दुपारी आले असते.

लायसन्सचा संपर्क-ईमेल पुरवठादाराचा असणे ही कराराच्या वेळी नजरेतून सुटणारी बाब आहे. दुरुस्तीची आवृत्ती मेच्या मध्यावरच आली होती. ती वेळेवर बसवली असती तर जूनमध्ये हे काही घडले नसते. सर्व उत्पादनांसाठी आता कंपनीचा एक सामाईक ईमेल नोंदवलेला आहे.

सॉफ्टवेअर ताब्यात घेताना करायची एक चाचणीही वाढवली : लॉगिन न करता कोणकोणते पत्ते उत्तर देतात, त्यांची यादी काढायची, आणि त्यात सेटअप, रजिस्टर, इन्स्टॉल असे काही दिसले की पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्यायचा. पहिल्या दिवसासाठी लिहिलेली पाने नंतर कोणी उघडून पाहत नाही. त्यामुळे तिथली चूक वर्षानुवर्षे टिकते.

जुलैमधली पुढची फेरी

२४ जुलैला याच उत्पादनातला सीव्हीई-२०२४-६३२७ जाहीर झाला. पुन्हा फाइलमधून कोड चालवण्याचाच दोष, तीव्रता ९.९, दुरुस्ती १०.१.२४.७०९ मध्ये. जूनमध्ये घाईने बसवलेली १०.१.२४.५१४ ही आवृत्तीही आता बाधित यादीत होती. या वेळी सूचना थेट कंपनीच्या सामाईक ईमेलवर आली आणि नोंदवहीत उत्पादन, आवृत्ती, जबाबदार व्यक्ती हे तिन्ही रकाने भरलेले होते. लगेच अपग्रेड न करू शकणाऱ्यांसाठी उत्पादकाने दिलेला तात्पुरता उपाय म्हणजे अॅप्लिकेशन पूल कमी अधिकारांच्या खात्याने चालवणे. ते जूनमध्येच झाले होते. बाहेरचा प्रवेशही फक्त व्हीपीएनमधून होता. त्यामुळे त्याच दिवशी सगळे थांबवावे लागले नाही. चाचणीच्या मशीनवर नवी आवृत्ती बसवून मुख्य अहवाल आणि १० तारखेचे पत्रक काढून पाहिले, आणि दुसऱ्या रात्री मुख्य सर्व्हर अपग्रेड केला. सकाळी सहाचा साठ्याचा अहवाल सहालाच निघाला.